आधी सील बघा, बॉक्सचं नंतर बोलू

फौजेत ज्यांनी गाडी चालवली त्यांना फर्स्ट परेड वेगळी समजावून सांगायला नको. इंजिन सुरू करण्याआधी ड्रायव्हर खाली वाकतो आणि रात्रभर गाडी उभी होती त्या जागी डाग आहे का ते बघतो. वाटेत थांबलो की हॉल्ट परेड, परत आलो की लास्ट परेड. पाणी, तेल, हवा, नट-बोल्ट. रिक्रूट असताना याचा कंटाळा यायचा. पण गाडी बोलते ती याच वेळी, आणि ऐकायला तिथे माणूस असतो.

बंगळूरला पोस्टिंग आल्यावर माझी स्वतःची जुनी डिझेल फोर-बाय-फोर अशीच बोलली. पुढच्या चाकाच्या मागे लालसर तेलाचे थेंब. पॉवर स्टीअरिंगच्या बॉक्समधून गळत होतं. शहरातल्या दोन वर्कशॉपमध्ये दाखवली. दोघांनी वरूनच टॉर्च मारला आणि सांगितलं, "सर, पूर्ण बॉक्स बदलावा लागेल." हाताने चाचपून कोणीच बघितलं नाही. सील किट काहीशे रुपयांत येतं, बॉक्सची किंमत त्याच्या कितीतरी पट. पण माझी तक्रार पैशांची नाही. तेल कुठून येतंय आणि का येतंय, हा प्रश्नच कोणाला पडला नाही, त्याची आहे.

बॉक्सवर तेल कुठूनही गळलं तरी ओघळून खालीच येतं आणि ड्रॉप आर्मच्या टोकावरून थेंब पडतो. त्यामुळे दोष प्रत्येक वेळी खालच्या सीलचाच वाटतो. होजचा जोड ढिला असेल, वरच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं असेल, बाजूच्या कव्हरचं पॅकिंग असेल. म्हणून पहिलं काम म्हणजे बॉक्स डिझेलने धुऊन, कोरडा पुसून, एकाने स्टीअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने खालून बघायचं. दहा मिनिटांत गुन्हेगार सापडतो. माझ्या गाडीत तो खालच्या शाफ्टचं सीलच निघाला.

आता दुसरा प्रश्न, सील गेलं का? ड्रॉप आर्म दोन्ही हातांनी धरून हलवायचा. शाफ्ट आडवा हलत असेल तर आतला बुश किंवा बेअरिंग झिजलंय. त्यावर कितीही भारी सील बसवा, महिन्याभरात पुन्हा थेंब. तिथे बॉक्स उघडून ओव्हरहॉल करावाच लागतो, आणि केसिंगच झिजलं असेल तर नवा बॉक्स घ्या, माझी ना नाही. पण प्ले नसेल तर कारण बहुधा साधं असतं. वरचं डस्ट सील फाटून चिखल-पाणी आत गेलं, शाफ्टला गंजाचे बारीक खड्डे पडले आणि त्या खड्ड्यांनी सीलची ओठासारखी कड खाल्ली. बंगळूरच्या ट्रॅफिकचाही यात वाटा आहे. उभ्या गाडीत चाक वळवताना बॉक्समधला दाब सगळ्यात जास्त चढतो, आणि इथे पार्किंगसाठी माणूस दिवसभर तेच करतो. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून तसंच दाबून धरायची सवय तर सोडाच. तेल तापतं आणि रबर कडक होतं.

जे. सी. रोडवर सील घ्यायला गेलात तर एक लक्षात ठेवा. काउंटरवरचा माणूस जुनं सील मोजून त्याच मापाचं दुसरं देईल. ते फिट बसेल, पण गिअरबॉक्सचं साधं ऑइल सील जवळजवळ बिनदाबाच्या तेलासाठी असतं आणि पॉवर स्टीअरिंगचा पंप 70-80 बार किंवा त्याहून जास्त दाब तयार करतो. माप तेच असलं तरी काम वेगळं. हाय प्रेशरचं सील, मागची वॉशर आणि डस्ट सील असा पूर्ण किट मागा. "चालतंय साहेब" ऐकून परत फिरू नका.

बाकी काम शांतपणे करायचं आहे. गाडी घोड्यांवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. ड्रॉप आर्म आणि शाफ्टवर खूण करा, नाहीतर बसवताना एक दात चुकला की स्टीअरिंग वाकडं. आर्म पुलरनेच काढा. हातोड्याने ठोकणारे मिस्त्री मी बघितलेत, तो मार थेट आतल्या गिअरला लागतो. शाफ्ट झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करा आणि त्याच्या दातांवर टेप गुंडाळूनच नवं सील सरकवा, नाहीतर बसतानाच कड कापली जाईल. शेवटी तेल भरून, इंजिन बंद ठेवून, चाकं अधांतरी असताना स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा. हवा निघते. तेलात फेस दिसला तर अजून हवा आहे. बाटलीतलं लीक थांबवणारं औषध ओतू नका, ते रबर फुगवून दोष फक्त झाकतं. आणि ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही, सगळी सीलं खराब होतील.

एवढा आग्रह कशासाठी? तेल संपलं तरी स्टीअरिंग तुटत नाही, जोड लोखंडाचाच असतो, पण ते एकाएकी दगडासारखं जड होतं. आगुंबे घाटात चौदा हेअरपिन वळणं आहेत. त्यातल्या एखाद्यावर हे झालं तर मनगटात जोर आणायलाही वेळ मिळत नाही. पॉवर स्टीअरिंग 1951 साली क्रायस्लर इंपीरियलमधून बाजारात आलं, पण त्याआधी दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी गाड्यांवर वापरलं गेलं होतं. जड गाडी, वाईट रस्ता आणि दमलेला ड्रायव्हर, यांच्यासाठीच ती सोय होती.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्या 24 डिसेंबरला पोर्टलही सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहनंही त्यात आहेत. स्वागतच आहे. कंपनीने मॅन्युअल आणि सुटे भाग द्यायलाच हवेत. पण पुली, शिम, बेअरिंग ओळखणारे हात कुठून आणणार? ते हात आपल्याकडे आहेत. ईएमईचा व्हेइकल मेकॅनिक वीस-बावीस वर्षं गाड्या उघडून पेन्शनवर जातो आणि गावाकडे एटीएमच्या दारात गार्ड म्हणून उभा राहतो. ज्याने बर्फात स्टॅलियनखाली झोपून काम केलं, त्याच्यापेक्षा असेंब्ली बदलणाऱ्या पोराला जास्त पगार. हा तोटा त्या जवानाचा आहेच, पण गाडीवाल्यांचा जास्त आहे.

माझं सील शेवटी शिवाजीनगरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बदललं, मी पाना धरायला होतो. त्यांच्या दुकानात शिकाऊ एकही नव्हता. तुमच्यापैकी कोणी पेन्शनर पुण्यात, साताऱ्यात, बेळगावात स्वतःचं गॅरेज चालवत असेल, तर कळवा. माझ्या ओळखीतल्या गाड्या तुमच्याकडे पाठवतो, आणि दोन पोरंही, शिकायला.