राजाच्या वहीतील तोटा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोक्षावर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण ख्रिस्ती धर्मातील कृपेची कल्पना मला पटू लागली ती जमाखर्चाच्याच वाटेने. (मराठीत ‘कृपा’, कानडीत ‘कृपे’. या अंकाच्या दोन्ही विभागांत शब्द एकच!)

आमच्यासारख्या ख्रिस्ती नसलेल्यांचा आक्षेप ठरलेला असतो. ‘करावे तसे भरावे’ हा आपला न्याय. तेथे मात्र नुसत्या विश्वासाने तारण, म्हणजे फुकटचा माल! अशाने माणूस बेफिकीर होणार नाही काय?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. एक राजा आपल्या चाकरांचा हिशेब घेऊ लागला. एकाकडे दहा हजार तालांत निघाले. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. येणे झाले सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे. वर्षाला तीनशे दिवस राबला तरी फेडायला दोन लाख वर्षे! तरीही हा गृहस्थ पाया पडून थोडी सबुरी मागतो आणि सगळे फेडीन म्हणतो. दाखल्यात मला सर्वांत खरा वाटतो तो हाच माणूस. आपण पुण्याची गाठोडी बांधतो, तेव्हा वेगळे काय करतो? राजा मुदत देत नाही. तो कर्जच सोडून देतो.

आता द्विनोंदी पद्धतीत कोणतीही रक्कम हवेत नाहीशी होत नाही. बुडीत कर्ज नफा-तोटा खात्याला नावे पडते आणि शेवटी मालकाचे भांडवल तितके घटते. माफी फुकट असते ती ऋणकोला, धनकोला नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेतला क्रूस मी असा वाचतो, की राजाने तोटा स्वतःच्या खात्यावर घेतला. त्याचा मुकुट काट्यांचा. डोक्यावर ‘यहूद्यांचा राजा’ अशी पाटी, तीही योहान सांगतो त्याप्रमाणे इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत. (पाटीच्या भाषेवरून आमच्या सीमाभागात काय होते, ते वाचक जाणतातच.) मुख्य याजकांनी मजकूर बदलायला सांगितला, पिलाताने बदलला नाही. थट्टेने दिलेली पदवी भक्तांनी खरी मानली. पहिल्या महायुद्धाने रशिया, जर्मनी, ऑस्ट्रियाची सिंहासने उलथल्यावर १९२५ साली पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्तराजाचा सण सुरू केला, तो याच राजाचा.

राहिला बेफिकिरीचा प्रश्न. सुटलेला चाकर बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. राजाला कळताच माफी रद्द होते. येथे मी बरेच दिवस अडलो. मागे घेता येते ती कृपा कसली? पण मला वाटते, त्याने माफी स्वीकारलीच नव्हती. आपल्याला मुदतच मिळाली, आता वसुली करून फेडायला लागावे, असे त्याने धरले असावे. दोन लाख वर्षांच्या कर्जापोटी शंभर दिवसांची वसुली!

जाणकारांना हा अर्थ मान्य नसेल, तर त्यांनी पुढील अंकात अवश्य लिहावे, मराठीत किंवा कानडीत.