फळ्याच्या कोपऱ्यातला आकडा

तुमच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक आकडा लिहिलेला असतो. पट ४८, हजर ४५. तुम्हांला वाटतं, ही आपली एक रीत! पण एखाद्या दिवशी हाच आकडा लाखमोलाचा ठरतो. कोणत्या दिवशी? शाळेत आग लागते त्या दिवशी.

दचकलात ना? दचकू नका, पण नीट ऐका.

१ डिसेंबर १९५८. अमेरिकेतलं शिकागो शहर. ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ ही शाळा सुटायला थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात जिन्याच्या तळाशी, कचऱ्याच्या पिंपात आग लागली. दोन शिक्षिकांना धुराचा वास आला. पण धोक्याची घंटा मुख्याध्यापिकांना विचारूनच वाजवायची, असा तिथला नियम! एक बाई त्यांना शोधायला धावल्या. ऑफिस रिकामं! मुख्याध्यापिका त्या दिवशी दुसऱ्या बाईंच्या वर्गावर शिकवत होत्या.

मग त्या दोघींनी काय केलं ठाऊक आहे? परवानगीची वाट न बघता आपापला वर्ग घेऊन त्या बाहेर पडल्या. त्यांची सगळी मुलं वाचली. वरच्या मजल्यावरच्या इतर वर्गांना मात्र कळेपर्यंत व्हरांडा धुराने भरला होता. ९२ मुलं आणि ३ शिक्षिका दगावल्या. खालच्या मजल्यावर जिन्यालगतचं दार बंद होतं, म्हणून धूर तिथे अडला. वरच्या मजल्यावर तसं दारच नव्हतं!

आगीपेक्षा आधी धूर गाठतो, बरं का. म्हणून शिक्षकांनी काय करायचं, ते तुम्हीही जाणून घ्या. धूर दिसला, की आधी ओरडून, घंटा वाजवून सगळ्यांना सावध करायचं. परवानगी नंतर! दप्तरं, डबे जागीच सोडून मुलांची रांग करायची. पुढे मॉनिटर आणि सर्वांत शेवटी सर किंवा बाई, हातात हजेरीपट घेऊन. निघताना दार ओढून घ्यायचं, पण कुलूप किंवा कडी लावायची नाही. लिफ्ट वापरायची नाही. मैदानावर ठरलेल्या जागी पोचलं, की डोकी मोजायची. सकाळचा आकडा ४५ आणि मैदानात ४४? मग तो एक जण कुठे, हे लगेच अग्निशमन दलाला सांगायचं. परत आत कोणीही जायचं नाही.

आणि बाहेर पडायची वाटच धुराने भरली असेल तर? वर्गाचं दार लावायचं, फटीत ओली फडकी कोंबायची आणि खिडकीशी उभं राहून हाका मारायच्या. मदतीसाठी फोन १०१ किंवा ११२.

हे काही परदेशातलंच नाही. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघराच्या छपराला आग लागली. शाकारलेल्या छपरांवरून ती वर्गांपर्यंत पोचली. ९४ मुलं गेली. पुढे २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शाळांत आग विझवण्याची साधनं हवीत, आणि ती वापरायचं व मुलांना बाहेर काढायचं शिक्षण शिक्षकांना मिळायलाच हवं.

आता तुमचं काम. उद्या शाळेत गेलात, की दुसरा जिना कुठे आहे ते बघा. त्याच्या जाळीच्या दाराला कुलूप आहे का? किल्ली कोणाकडे असते? जिन्याखाली मोडकी बाकं रचून ठेवली आहेत का? भिंतीवरच्या लाल नळकांड्यावरची तारीख उलटून तर गेली नाही ना? आणि बाईंना नम्रपणे विचारा, “बाई, आपण एकदा सराव करूया का?”

आई-बाबांनो, पालकसभेत गुणांबरोबर हाही प्रश्न विचाराल ना?

आणि हो, मॉनिटर! उद्यापासून फळ्यावरचा आकडा अगदी बरोबर लिहायचा हं!