वेपची दुरुस्ती

भिवंडीत वस्तू सहसा फेकली जात नाही. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग आमच्याकडे आले आणि पुढे कित्येक वर्षे खडखडत राहिले. सुटा भाग मिळाला नाही तर जॉबर तो लेथवर घडवून आणायचा. अशा गावात उभा जन्म गेल्यामुळे दुरुस्ती करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. तरीही एक वस्तू अशी आहे की ती दुरुस्तीला आली तर कारागिराने हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ती म्हणजे वेप, कायद्याच्या भाषेत ई-सिगारेट.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. मला या यंत्रातले काय कळणार? पण माझा एक माजी विद्यार्थी धामणकर नाक्याजवळ मोबाइल दुरुस्ती करतो. तेलुगू घरातला, आमच्या मराठी शाळेत शिकलेला. अशा 'गळक्या' वेप त्याच्याकडे येतात. त्याने मला एक उघडून दाखवली. खाली लिथियमची बॅटरी, वर द्रवाची कुपी, मध्ये तारेचे छोटे वेटोळे आणि त्यात कापसाची वात. वातीने द्रव शोषायचा, वेटोळे तापायचे आणि त्याची वाफ ओढायची. आमच्या स्टोव्हच्या वातीचे चुलत भावंडच म्हणा ना! वात जुनी झाली, कुपी जास्त भरली, उन्हाने द्रव पातळ झाला किंवा वस्तू खिशात आडवी राहिली की द्रव हवेच्या भोकातून खाली उतरतो.

खाली काय असते? ओढलेला झुरका ओळखून वेटोळे चालू करणारा एक सेन्सर. तो भिजला तर काही वेळा कोणी ओढत नसतानाही यंत्र आपोआप चालू होते. खिशात, उशीखाली, कुठेही. आणि हा द्रव पाण्यासारखा वाळून जात नाही. ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल हे दोन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे सर्किटवर चिकट थर बसून राहतो.

"सर, स्पिरिटने पुसलं की चालू होतं. दहा मिनिटांचं काम आहे. पण मी करत नाही," तो म्हणाला.

तुम्ही म्हणाल, नीती शिकवणे हे मेकॅनिकचे काम आहे का? स्कूटर दुरुस्त करणारा गिऱ्हाइकाला हेल्मेटबद्दल विचारतो का? प्रश्न रास्त आहे. पण मी नीतीबद्दल बोलतच नाही. दुरुस्ती म्हणजे कारागिराने दिलेला शब्द असतो. ब्रेक बसवला की तो लागणार, असा तो शब्द. वेप पुसून चालू झाली तरी आतली ओल पूर्ण गेली का, बॅटरीला गंज चढला का, उद्या ती तापेल का, याची हमी कोण देणार? बॅटरी कोणत्या कारखान्यातली आहे हेही कळायला मार्ग नसतो. आणि हातावर सांडलेल्या त्या द्रवात निकोटीन असते. ते कातडीतूनही अंगात जाते. एके काळी हेच निकोटीन शेतात कीटकनाशक म्हणून फवारत असत. दुकानात खेळणाऱ्या लहान पोराने ती कुपी तोंडात घातली तर?

कायद्याचे सांगायचे तर १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्याला बंदी. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी वस्तू मिळते. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, ती कशी पाळली जाते हे पानटपरीवर उभे राहणाऱ्या कोणालाही विचारा.

इथे मुले मला हमखास अडवतात. "सर, विडी उघड विकतात, तिला बंदी नाही, आणि आमच्यावरच का?" खरे आहे. या सरकारी दुटप्पीपणाचे समर्थन मी करणार नाही. पण विडी वाईट म्हणून वेप चांगली ठरत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये वेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना इजा होण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ माणसे गेली. कारण मुख्यतः गांजाच्या अर्काच्या बेकायदा कुप्यांत मिसळलेले एक तेलकट द्रव्य असल्याचे आढळले. म्हणजे कुपीत कोणी काय घातले हे न कळणे, हाच धोका. आपल्याकडे तर प्रत्येक कुपी चोरूनच आलेली.

बंदीची एक बाजू मात्र कोणी बोलत नाही. २०२२ च्या नियमांनुसार बॅटरी आणि ई-कचरा परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. बेकायदा वस्तूचा उत्पादक कोण? ती अनाथ! ती ओल्या कचऱ्यात जाते, नाहीतर भंगारात. भंगाराच्या गोदामांना लागणाऱ्या आगी भिवंडीकरांना नवीन नाहीत. म्हणून नुसते "दुरुस्त करणार नाही" म्हणून भागत नाही. महापालिकेने नाक्यानाक्यावर जुन्या बॅटऱ्या टाकायला पेट्या ठेवाव्यात आणि टाकणाऱ्याला "कुठून आणलीस?" असे विचारू नये. विचारले तर कोणी टाकणार नाही.

माझ्या विद्यार्थ्याने स्वतःपुरती सोय केली आहे. गिऱ्हाईक तयार असेल तर तो बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावतो आणि कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवतो. बहुतेक जण मात्र वस्तू उचलून पुढच्या दुकानात जातात. मागे एक गोदामात रात्रपाळी करणारा पोरगा आला होता, एकोणीस-वीसचा. तो म्हणाला, "दादा, झोप येऊ नये म्हणून ओढतो." त्याला यंत्र नको होते, जागरणावर उतारा हवा होता. दुकानदाराने त्याला तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक, १८००-११-२३५६, बिलाच्या कागदावर लिहून दिला. पोराने कागद घडी करून खिशात ठेवला आणि वेपही परत घेतली.