जिभेवर ठेवताच विरघळणारं पुलुलान

लखनौच्या मिठाईवरचा चांदीचा वर्ख तुम्ही पाहिलाच असेल. इतका पातळ, की फुंकर मारली तरी उडेल! तोंडाला सुवास देणाऱ्या छोट्या पारदर्शक पट्ट्याही अशाच पातळ असतात. जिभेवर ठेवताच त्या विरघळतात. दिसायला प्लास्टिकसारख्या, पण त्यातल्या अनेक पुलुलानच्या असतात.

पुलुलान म्हणजे काय? स्टार्चपासून केलेल्या पाकात एक बुरशी वाढवतात. ती ग्लुकोजचे कण साखळीसारखे जोडून पुलुलान बनवते. जपानमध्ये 1976 पासून त्याचे व्यावसायिक उत्पादन होते. त्याला ना चव, ना वास. ते मातीत कुजते. शिवाय त्याचा थर ऑक्सिजन अडवतो, म्हणून तो दिलेला पदार्थ लवकर खवट होत नाही.

घरात कोणी पक्के शाकाहारी आहे? मग हे लक्षात ठेवा. अनेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेले असते. पुलुलानचे कवच मात्र शाकाहारी! व्हिटॅमिनच्या कॅप्सूल घेताना लेबलवर 'पुलुलान' किंवा 1204 हा क्रमांक शोधा. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र स्वतःहून बदलू नका, आधी त्यांना विचारा.