बेंबीतली गाठ आणि सिस्टर मेरी जोसेफ

कॅन्सर म्हटलं की आपल्याला स्कॅन आणि रिपोर्टांची जाडजूड फाईल आठवते. पण पोटातला किंवा छातीतला कॅन्सर कधीकधी चक्क कातडीवर येऊन दिसतो, आणि तो पहिल्यांदा बघणारा माणूस पुष्कळदा डॉक्टर नसतो. माझी तक्रार अशी, की त्या माणसाचं आपण ऐकत नाही.

अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टरला, सेंट मेरीज हॉस्पिटलात, सिस्टर मेरी जोसेफ डेम्पसी होत्या. १८९० पासून डॉ. विल्यम मेयो यांच्या ऑपरेशनमधल्या मदतनीस. रोग्याचं पोट धुऊन-पुसून तयार करताना त्यांच्या लक्षात आलं, की काहींच्या बेंबीत टणक गाठ हाताला लागते आणि अशांचा कॅन्सर आत पसरलेला निघतो. मेयोंनी ऐकलं, १९२८ मध्ये त्यावर लिहिलंही. गाठीला सिस्टरांचं नाव मात्र १९४९ साली हॅमिल्टन बेली या इंग्रज सर्जननी दिलं. तोवर सिस्टरांना जाऊन दहा वर्षं झाली होती!

बेंबीच का? तिथे पोटाची भिंत पातळ, आणि जन्माआधीच्या नाळेचे अवशेष आतून अजून तिला जोडलेले. त्या वाटेने, रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून जठराच्या, आतड्याच्या, अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी तिथवर पोचतात. स्तनाचा कॅन्सर बहुधा छातीच्याच कातडीत उतरतो. फुफ्फुसाचा कधी थेट डोक्यावर.

आमच्या एका काकांच्या डोक्यातली गाठ पहिल्यांदा लागली ती केस कापणाऱ्याच्या बोटांना. "काका, मागच्या महिन्यात ही नव्हती हां," तो म्हणाला. घरच्यांचा निकाल ठरलेला : आवाळू असेल, दुखत नाही ना, मग कशाला उगाच? एका डॉक्टरांनीही खुर्चीतूनच बघून "चरबीची गाठ" म्हणून टाकलं. दोन महिन्यांनी त्वचारोगतज्ज्ञाने तुकडा तपासायला पाठवला तेव्हा मूळ फुफ्फुसात निघालं. पुढचं नातेवाइकांना ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल, लवकर कळून काय झालं असतं? खरंय, कातडीपर्यंत आलेला कॅन्सर बहुतेक वेळा बराच पुढे गेलेला असतो. काका वाचले असते असं मी म्हणत नाही. पण औषधं आधी सुरू झाली असती, दम लागायचा त्रास कदाचित कमी झाला असता, आणि जमिनीचे कागद त्यांनी शुद्धीवर असताना केले असते. शिवाय कातडीचा तुकडा काढणं फुफ्फुसात सुई घालण्यापेक्षा कितीतरी सोपं, आणि मूळ कुठे आहे याचा माग त्यावरून पुष्कळदा लागतो.

उगाच घाबरवत नाहीये हं. अंगावरच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. वर्षानुवर्षं असलेली, मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ तर बहुधा चरबीचीच. पण नवी, टणक, न दुखणारी आणि काही आठवड्यांत वाढलेली गाठ असेल, तर तुकडा तपासायचा का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. आणि आजीला आंघोळ घालणारी सून, मालिशवाल्या बाई, सलूनवाला यांच्यापैकी कोणी "हे आधी नव्हतं" म्हणालं, तर ते वाक्य तारखेसकट डॉक्टरांच्या कानावर घालावं. ते कुठल्याच स्कॅनमध्ये येत नाही.