मूलोद्योगाच्या तासाला फासा

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी हस्तोद्योग, म्हणजेच मूलोद्योग, शिक्षणाच्या मध्यभागी आणून ठेवला. झाकिर हुसेन समितीने आराखडा केला, आर्यनायकम दाम्पत्याने तो सेवाग्रामात राबवला. टकळी फिरवताना गणित, कापूस पिकवताना भूगोल. यालाच समवाय म्हणत. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा 2005 पासून त्याच वाटेने चालली आहे. शेती, स्वयंपाक, शिवणकाम हे तिथे तोंडी लावणे नाही, अभ्यासच आहे. या यादीत आता मुलांनी स्वतः जोडलेला इलेक्ट्रॉनिक फासा यायला हवा.

खेळ, आणि तोही मूलोद्योगात? जुन्या कार्यकर्त्यांना हे रुचणार नाही. उद्योगातून शाळेचा खर्च निघावा, ही मूळ अपेक्षा होती आणि फाशातून दमडीही सुटणार नाही. पण ती अपेक्षा तेव्हाही बहुतेक शाळांना झेपली नव्हती. समवाय मात्र आजही खणखणीत आहे.

फाशाला लागते काय? 555 आणि 4017 हे दोन आयसी, सहा एलईडी, एक बटन, थोडे रेझिस्टर-कॅपॅसिटर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि ब्रेडबोर्ड. दोन प्लेट तर्री पोह्यांच्या पैशात दोन्ही आयसी येतात. 555 ठोके देतो, 4017 ते मोजत एकेक दिवा पुढे सरकवतो. बटन दाबले की दिवे पळतात, सोडले की एकच पेटलेला राहतो. सहानंतर पुन्हा एकवर यायचे, तर 4017 चा पाचवा पाय पंधराव्याला जोडायचा. ही एक तार विसरली की दिवे भलतेच वागतात, आणि खरा तास तिथून सुरू होतो. एलईडी उलटा बसलाय का? सहा दिव्यांना एकच रेझिस्टर कसा पुरतो? (एका वेळी एकच दिवा पेटतो, म्हणून.)

खरी गंमत कॅपॅसिटरमध्ये आहे. 1 आणि 10 किलोओहमचे रेझिस्टर व 0.1 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला, तर सेकंदाला सुमारे सातशे ठोके पडतात. डोळ्याला सगळे दिवे एकदमच पेटल्यासारखे दिसतात. 10 मायक्रोफॅरडचा लावला की ठोके सातावर येतात आणि चलाख पोरगी हवा तेव्हा सहा पाडते. लबाडी पकडायला साठ वेळा फासा टाकून आकडे वहीत मांडावे लागतात. संभाव्यतेचा याहून चांगला धडा पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण.

तयार किटमध्ये हे होत नाही. बंद पाटी, रंगीत वायरी, संगणकावरून उचललेला प्रोग्राम. बिघडले की कपाटात. गांधीजींच्या चरखा संघाने 1929 मध्ये सुधारित चरख्याला एक लाखाचे बक्षीस लावले होते. अट अशी, की तो दीडशे रुपयांच्या आत बसावा आणि खेड्यातल्या घरात हातापायाने चालावा. बक्षीस कुणालाच मिळाले नाही, पण अट शहाणपणाची होती. शाळांना किट विकणाऱ्यांपुढे तशीच एक ठेवावी: बिघाड गावातच दुरुस्त होईल का?

शिकवणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सापडते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत शिकण्याचा अभ्यासक्रम ग्रामीण शाळांत नेला. शिकवायला गावातले कारागीरही चालतात, हे त्यांनी दाखवले. वर्धा-सेवाग्राम परिसरात मोबाइल आणि मोटार दुरुस्त करणारे हात काही कमी नाहीत. त्यांना आठवड्यातून दोन तास मानधन देऊन वर्गात बोलवावे.

जिल्हा परिषदेने पुढच्या खरेदीत किटऐवजी सुटे भाग मागवावेत, आणि प्रत्येक शाळेला दोन मल्टिमीटर व एक सोल्डरिंग आयर्न द्यावे.