उजेडात वाहणारे प्लास्टिक

सीमाभागातील मराठी घरांत देवघराखालोखाल जपली जाणारी वस्तू म्हणजे कागदांची पिशवी. आजोबांचा शाळा सोडल्याचा मराठी दाखला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणीचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला त्यापूर्वीचे शेताचे उतारे, जुनी खरेदीखते. आपण कोठले, याची साक्ष त्या पिशवीत असते. नातवाला कोल्हापुरास प्रवेश घ्यावयाचा झाला की पिशवी उघडते आणि झेरॉक्सच्या दुकानाची वाट धरावी लागते.

अशाच कामासाठी आम्ही परवा निपाणीस एका दुकानात गेलो. प्रत हाती आली ती राखाडी. दाखल्यावरील मोडी सही काळोखात बुडून गेलेली. दुकानदार म्हणाला, "काका, ड्रम म्हातारा झालाय बघा. नवा घालतो." नवा ड्रम त्याने काळ्या वेष्टनातून काढला आणि दाराकडे पाठ करून, सावलीतच बसवला. उजेडाचे एवढे भय कशासाठी?

त्या धातूच्या नळीवर केसाहूनही पातळ असा बहुवारिकाचा, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचा लेप असतो. अंधारात हा लेप विजेला वाट देत नाही. म्हणून त्याच्या पृष्ठावर दिलेला विद्युतभार तेथेच टिकतो. मात्र प्रकाश पडताच लेपातील रंगद्रव्यात धन आणि ऋण भार मोकळे होतात, आणि तेवढ्याच जागी तो विजेचा वाहक बनून पृष्ठावरचा भार ओसरतो. हल्लीच्या यंत्रांत लेसरचा किरण अक्षरे अशी 'लिहितो'; भार ओसरलेल्या जागी काळी भुकटी बसते, ती कागदावर उतरते आणि उष्णतेने पक्की होते. लेप झिजला, की अंधारातही भार टिकत नाही. मग कोऱ्या जागीही भुकटी चिकटते आणि प्रत राखाडी निघते.

चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिली कोरडी प्रत काढली, ती गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर. पुढे सेलेनियम आले. १९७० साली आय.बी.एम.ने आपल्या यंत्रात बहुवारिकाचा लेप वापरला. प्लास्टिकमधून वीज चांगली वाहू शकते, हे १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी आयोडीनच्या साहाय्याने दाखविले व २००० साली नोबेल पारितोषिक मिळविले. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी तर २०२४ साली प्रकाश, एक रंगद्रव्य आणि हवेतील ऑक्सिजन एवढ्यावर अशा बहुवारिकांची वाहकता वाढवून दाखविली. तेथे वाढलेली वाहकता प्रकाश गेल्यावरही उरते. ड्रमवरील मात्र प्रकाशाबरोबर निघून जाते, आणि म्हणूनच पुढच्या कागदासाठी तो पुन्हा कोरा होतो.

नव्या ड्रमवर आमची प्रत स्वच्छ निघाली. मोडी सहीचा फाटा न् फाटा उमटला. गृहिणींना एवढेच सुचवावेसे वाटते, की झेरॉक्स प्रती मऊ प्लास्टिकच्या पाकिटात दाबून ठेवू नयेत. अक्षरे पाकिटाला चिकटतात. मध्ये साधा कागद घालावा. आणि मूळ कागद हाती धरण्याजोगा आहे तोवरच चांगल्या ड्रमवर दोन-चार प्रती काढून ठेवाव्यात. फिकटलेली सही कोणताही उजेड परत आणीत नाही.